शेपूटमास्तर

लग्नाची वरात शाळेसमोर थांबली की आम्ही सारे शिक्षक नवरदेवाकडे पाहायचो आणि शेपूटमास्तर घोड्याच्या कपाळावरच्या तुऱ्याकडे. घोडा थांबला की ते उजव्या हाताचं एक बोट वर करून उभे राहत. तुरा पुढे झुके, मागे येई, पुन्हा जरासा पुढे, त्याहून जरासा मागे, आणि मग केव्हातरी सरळ उभा राही. तेव्हा कुठे मास्तर बोट खाली घेत आणि म्हणत, "झालं. आता थांबला घोडा." घोडा तोवर हरभरे खायला लागलेला असे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पांढुर्ण्याच्या एका खासगी शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. दोन्ही विषयांना सारखाच मान होता, म्हणजे परीक्षा जवळ आली की दोघांचेही तास गणिताला देत. त्यामुळे रिकाम्या तासाला आम्ही स्टाफरूममध्ये समोरासमोर बसलेले असायचो. मास्तर मूळचे रामाकोन्याचे. तरुणपणी मुंबईला जाऊन ते एका कंपनीत लागले होते. सिनेमाघरांत मध्यंतराला दाखवायच्या जाहिरातींची कार्टून चित्रं ती कंपनी काढायची : साबण पाहून नाचणारं माकड, बामची बाटली पाहून पळणारा राक्षस. माकडाचं धड आणि तोंड मोठे चित्रकार काढत. मास्तरांच्या वाट्याला उरलेलं येई. शेपट्या, कान, वेण्या, झुमके, धोतराचे सोगे. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवून ते दिवसभर शेपट्या काढत. माकडानं एक उडी मारली की यांच्या शेपट्यांचा गठ्ठा व्हायचा. पुढे कंपनी बुडाली, त्या दिव्यानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मास्तर बायकोमुलीला घेऊन परत आले. मुंबईत काय केलं असं कोणी विचारलं तर ते खरं तेच सांगत, "शेपट्या काढल्या." नाव पडायला गावाला तेवढं पुरे झालं.

त्यांना त्या नावाचा राग नव्हता. उलट त्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते ऐकवायला त्यांना निमित्त लागत नसे. "धड कोणीबी हलवते, सर," ते म्हणायचे. "जीव दिसते तो लटकनात. धड थांबलं तरी लटकन थांबत नाही. त्याले खबर उशिरा पोचते." प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक देशाच्या भवितव्यावर बोलून खुर्चीत बसले, की मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणत, "साहेब बसले. पोट बसून राहिलं अजून." मी हसू दाबायचो. मास्तर हसत नसत. ते मोजमाप घेत असत.

वर्गातही तेच. मुलांना ते धावणारं कुत्रं काढायला लावत आणि शेपूट सर्वांत शेवटी. एखाद्या पोरानं ती आधीच काढली तर म्हणत, "काऊन रे, कुत्रं निघालंच नाही अन शेपूट पोचली गावाले?" पोरं खिदळत. बोर्डाच्या परीक्षेत मात्र केटली, वांगी आणि पेला काढायला येई. त्यात लटकणारं काही नसल्यानं आमच्या शाळेचा निकाल बेताचाच लागे.

त्यांची खरी शाळा गणपतीत भरायची. पांढुर्ण्यात तेव्हा हलत्या देखाव्यांची चढाओढ होती. बाकीच्या मंडळांचे राक्षस मोटरवर हात वर करत आणि खाली घेत, रेल्वेच्या सिग्नलसारखे. मास्तरांचा हत्ती सोंड उचलून थांबायचा, आणि तो थांबल्यावर त्याचे कान हलायचे, कानांनंतर झुलीच्या घंटा, आणि सगळ्यात शेवटी शेपटीचा गोंडा. हे सगळं एका ट्रकच्या वायपरच्या मोटरवर. बाकी काम स्प्रिंगांचं. सायकलच्या सीटखालच्या, बॉलपेनातल्या, घड्याळजीनं फेकून दिलेल्या. त्यांच्या घरी वाळवणापेक्षा स्प्रिंगांचे डबे जास्त. प्रत्येक स्प्रिंगेच्या पोटात ते कापूस भरत. "मोकळी सोडली तं ते माकड होते," ते सांगत. "कापूस जास्त झाला तं मुडदा. मधातलं शोधा लागते." ते मधलं शोधण्यात त्यांचा सगळा ऑगस्ट जायचा. सौसर, लोधीखेडा, बोरगावकडून माणसं बैलगाड्या जुंपून यायची आणि हत्तीपुढे उभी राहून एकमेकांना कोपरानं ढोसायची, "अबे, पाह्य ना! श्वास घेऊन राहिला तो!" तो श्वास घेत नव्हता. पण ती गोष्ट त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

एवढं नाव असून मास्तर शाळेत कायम नव्हते. दर एप्रिलअखेर त्यांना मोकळं करत आणि जुलैत पुन्हा घेत. मधले दोन महिने ते दुकानांच्या पाट्या रंगवत. संस्थेचे अध्यक्ष भैयाजी दरवर्षी म्हणत, "पाहू, मास्तर. पुढच्या साली पाहू." भैयाजींना बारीकसारीक गोष्टी पुढच्या साली पाहण्याची सवय होती आणि चित्रकला फारच बारीक गोष्ट होती. मास्तरांनीही कधी रेटून धरलं नाही. ते धरावं लागलं मुलगी उपवर झाल्यावर. सौसरच्या एका घरी तिचं जमत आलं. मुलगा तहसिलीत कारकून, घर चांगलं, मुलगी पसंत. मुलाच्या वडिलांनी चहा पिता पिता एकच प्रश्न टाकला, "मास्तर, तुम्ही पर्मनंट हाय ना जी?" मास्तरांना खोटं बोलता येत नसे. पाहुण्यांनी मग दिवाळीपर्यंत विचार करतो म्हणून सांगितलं.

त्याच साली संस्थेच्या संस्थापकांचं, म्हणजे भैयाजींच्या वडिलांचं, वर्षश्राद्ध आलं. त्यांना सगळं गाव दादाजी म्हणे. त्यांनी शाळा काढली, वाचनालय काढलं आणि जन्मभर दारूबंदीवर भाषणं दिली. भाषणं चांगली असावीत. कारण ती ऐकायला पिणारेही येत. शेवटच्या काही वर्षांत मात्र ते समारंभांत नुसते बसून राहत. बाराही महिने अंगावर शाल, दोन्ही हात शालीत, आणि शेजारी त्यांच्या पत्नी, माईजी. त्यांचाही एक हात शालीत असे. म्हातारपणी थंडी वाजते, असं गाव समजत होतं. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात थंडी कशी वाजते, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

भैयाजींना आधी संगमरवरी पुतळा हवा होता. पण नागपूरला त्यांनी हात हलवणारा कुठला तरी पुतळा पाहिला आणि संगमरवर त्यांना मिळमिळीत वाटायला लागला. दादाजी शाळेच्या सभागृहात खुर्चीवर बसलेले असतील, भोपाळहून आलेले मंत्री बटण दाबतील, आणि दादाजी हात वर करून आशीर्वाद देतील, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मीही होतो, कारण पुतळ्याखालची वाक्यं मला लिहायची होती. भैयाजी म्हणाले, "हुबेहूब पाहिजे, मास्तर. दादाजी समोर बसून राहिले असं वाटलं पाहिजे लोकांले. हे काम करा, तुमचा आदेश त्याच दिवशी काढतो. साऱ्यांसमोर."

मास्तरांनी दादाजींना जवळून पाहिलं होतं. दोनेक वर्षांपूर्वी त्यांचं तैलचित्र काढायला ते त्यांच्या घरी रोज बसायला जात. बाकी लोकांनी दादाजींचा चेहरा पाहिला असेल; मास्तरांनी काय पाहिलं असेल, हे आता सहज लक्षात येतं. तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

श्रावणापासून ते त्या कामाला लागले. चेहरा आणि हात कागदाच्या लगद्याचे, वर प्लास्टर, आत लाकडाचा सांगाडा आणि वायपरची मोटर. बोटांसाठी छत्रीच्या काड्या कापल्या आणि त्यांच्या मुळाशी घड्याळजीकडच्या बारीक स्प्रिंगा बसवल्या. कापूस भरायचे, काढायचे, पुन्हा भरायचे. मी एकदा विचारलं, "आशीर्वादाच्या हाताला इतकी खटपट कशाला?" मास्तर चिमटा बाजूला न ठेवता म्हणाले, "सर, ते नुसता हात उचलत नसत ना." मला वाटलं, कलावंत बोलून राहिला. त्या गणपतीत त्यांनी हत्तीही केला नाही.

समारंभ दसऱ्यानंतर झाला. सभागृह भरलं होतं. मंत्र्यांना उशीर झाला, तेवढ्या वेळात चार वक्त्यांनी दादाजी हे वटवृक्ष होते असं सांगितलं आणि एकानं दीपस्तंभ होते असं. मग मंत्री आले, पडदा सरला. पुतळा खरोखर छान उतरला होता. मंत्र्यांनी बटण दाबलं. दादाजींचा उजवा हात शालीतून बाहेर आला, सावकाश वर गेला आणि छातीच्या उंचीवर थांबला. टाळ्या सुरू झाल्या. पण मनगट थांबल्यावर बोटं थांबली नाहीत. ती बारीक बारीक थरथरत राहिली, अंगठा बोटांवर घासत, जपमाळ ओढल्यासारखी. त्या थरथरीनं शालीचा काठ हलायला लागला. टाळ्या एकेक करून थांबल्या. मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अबे, हे तं खरोखरचे दादाजी हाय ना!" आणि लगेच दुसरा एक आवाज, तितका दबका नसलेला, "हात कापून राहिला, पाह्य. हे बी घेत होते वाटते."

कोणी हसलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून माईजी उठल्या. त्यांना कोणी धरलं नाही, कारण काय होतंय हे कोणालाच कळत नव्हतं. त्या पुतळ्याजवळ गेल्या आणि दोन्ही तळव्यांत तो हात घेतला. अगदी सवयीनं, रडणाऱ्या पोराच्या पाठीवर हात जावा तसा. बोटं थांबली. आतली मोटर हात खाली न्यायला ओढत होती, घुरघुरत होती, आणि माईजी हात सोडत नव्हत्या. मंत्री बटणाकडे पाहत उभे होते. ते बंद कसं करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी चपराशानं वायर ओढली.

आदेश त्या दिवशी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांना बोलावणं आलं, आणि एकटं जायला नको म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. भैयाजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मास्तर, मेंदूची बिमारी होती ती. डॉक्टर नागपूरचे होते. इतके वर्ष आम्ही शालीखाली सांभाळलं, काऊन की ह्या गावाले बिमारी समजत नाही, दारू समजते. अन तुम्ही मंत्र्यासमोर उघडं केलं."

"तुम्ही हुबेहूब म्हटलं होतं जी," मास्तर म्हणाले.

"फोटो बी हुबेहूब असते, मास्तर. तो हलत नाही." भैयाजींनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. "हा तुमचा आदेश. बोटं सीधे करा, मी सही करतो. नाही तं एप्रिलनंतर येऊ नका."

दारूबंदीचा पुढारी मरणानंतर वर्षभरानं दारुडा ठरत होता, ही गोष्ट खरी होती. बाजारात मी स्वतः ऐकली होती. भैयाजींची चूक काढावी असं मला वाटत होतं, पण ती सहजासहजी सापडत नव्हती.

त्याच आठवड्यात माईजी सायकलरिक्षानं मास्तरांच्या घरी आल्या. मास्तरांच्या बायकोनं हे मला नंतर सांगितलं. माईजी पाणीही न पिता म्हणाल्या, "मास्तर, बाकी काही बदला, पण बोटं राहू द्या." आणि आल्या तशा गेल्या. मास्तर ओट्यावर बसून राहिले. वहिनी आतून बाहेर आल्या. बोरगावची बाई, मोजकं बोलणारी. म्हणाल्या, "त्यांची बोटं हलतीन, अन माह्या पोरीचं लगीन थांबन. तुमी ठरवा."

मास्तरांनी ठरवलं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं सभागृहात गेलो. त्यांनी दादाजींचा हात मनगटापासून सोडवला, मांडीवर घेतला आणि पक्कडीनं एकेक स्प्रिंग उपटली. कापसाचे बारीक बोळे फरशीवर पडत होते. स्प्रिंगांच्या जागी त्यांनी लोखंडी तार घातली आणि बोटं प्लास्टरनं एकमेकांना चिकटवून टाकली. प्लास्टर वाळेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "मुलीचं होऊन जाईल आता." ते म्हणाले, "होईन ना." मग हात परत बसवून त्यांनी बटण दाबलं. हात वर गेला आणि थांबला. सगळंच थांबलं. मास्तर सवयीनं पाहत राहिले, पण पाहायला काही नव्हतं.

"आता बराबर मेले," ते म्हणाले आणि पक्कड पिशवीत टाकली.

भैयाजींनी शब्द पाळला. आदेश निघाला, मुलीचं लग्न सौसरला व्यवस्थित पार पडलं, जावई सज्जन निघाला. तिला काही कमी पडलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण मास्तरांचा सौदा फसला असं म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही. पुढच्या गणपतीत मंडळाची पोरं हत्तीसाठी आली, तेव्हा मास्तर म्हणाले, "शाळेचं काम असते." शाळेचं काम म्हणजे केटली, वांगी आणि पेला. आमच्या शाळेचा चित्रकलेचा निकाल सुधारला आणि मुख्याध्यापकांनी एका बैठकीत मास्तरांचं नाव घेऊन कौतुक केलं. बोलून झाल्यावर ते धाडकन खुर्चीत बसले. मी मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

दोन वर्षांनी मला नागपूरला नोकरी लागली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मास्तर न्यूमोनियानं गेले, हे मला फार उशिरा कळलं. शाळेनं शोकसभा घेतली म्हणे, त्याच सभागृहात. भैयाजींनी त्यांना शिस्तप्रिय शिक्षक म्हटलं. त्यांना शेपूटमास्तर म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. अशा सभेत माणसाला त्याचं खरं नाव परत मिळतं, तो ऐकायला नसतो तेव्हा.

मला त्यांची शेवटची आठवण आहे ती मी गाव सोडण्याच्या आदल्या दिवसाची. माझं सामान बांधायला ते आले होते. पुस्तकांच्या पेटीला सुतळी आवळता आवळता, मी काही विचारलं नसताना, ते म्हणाले, "माईजीकडं गेलतो मी, सर."

"कधी?"

"बोटं सीधी केली त्याच्या नंतर. पोरीचं लगीन झाल्यावर. म्हटलं, सांगून तं द्यावं." त्यांनी गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "मी म्हटलं, माईजी, मी तुमच्यासाठी एक हात करून देतो. फक्त हात. लहानशी मोटर घालतो, आवाज येणार नाही. तुमच्या खोलीत ठेवा, दार लावून घ्या, कोणाले खबर लागणार नाही. भैयाजीले बी नाही."

"मग?"

"त्या हासल्या, सर. रागावल्या असत्या तं मले चाललं असतं." मास्तर पेटीवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून नेहमीसारखंच पाणी येत होतं, त्यावरून काही ठरवता येत नसे. "म्हणे, खोलीत तं होताच ना, मास्तर, तो हात. खोलीत होता, शालीत होता, इतके वर्ष झाकूनच धरला मी. त्या दिवशी तुमच्यामुळं चार लोकांत धरला. पुन्हा खोलीत कायले देता?"

मी पेटीची दुसरी सुतळी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"चहा ठेवला होता त्यांनी," ते म्हणाले. "मी तसाच उठून आलो."